कापसाच्या खोलीतल्या सुमनताई

बाभुळगाव माझ्या घरापासून फार तर पाऊण तासावर. पण तिथे वारलेल्या बाईची बातमी मला कॅनडाहून कळली. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि आमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज वाजला. सुमनताईंच्या मुलाने, अमोलने, इंग्रजीतून लिहिलं होतं... आई काल संध्याकाळी शांतपणे गेली, शेवटपर्यंत ती आपल्या माणसांत होती, तिची उत्तम काळजी घेतली गेली, सर्वांचे आभार. खाली फोटो होता. निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार, आणि हार घालणाऱ्यालाच काहीतरी सुनावत असल्यासारखं ते मिश्कील हसू. बघता बघता फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी गॅस बंद केला आणि तशीच स्टँडवर गेले. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ताईंच्या पुतण्याने सांगितलं, अमोलला मोबाइलवरून सगळं दाखवलं, त्याने तिथून हात जोडले. मला कळवायचं राहून गेलं म्हणाला. राहून गेलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

सुमनताई आमच्या यवतमाळच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि मी चित्रकलेची. आमच्या दोघींच्या तासांना शाळेत सारखीच किंमत होती. परीक्षा जवळ आली की पहिल्यांदा आमचेच तास गणिताला दिले जायचे. त्या रिकाम्या तासांतूनच आमची मैत्री झाली. मी त्यांच्यापेक्षा बरीच लहान, नवी नवी नोकरीला लागलेली, आणि त्या म्हणजे मैदानाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या कडुलिंबावरचे कावळे उडावेत अशा आवाजाच्या. डबासुद्धा उभ्यानेच खायच्या. लोहाऱ्याकडून, आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलींना त्या खो-खो शिकवायच्या, पण त्याआधी पडायला शिकवायच्या. "पडणारच आहात, तर नीट पडा. हात टेकवू नका, मनगट जाईल. अंग खांद्यावर घ्या, लोळा आणि उठा." मी वर्गाच्या खिडकीतून ते पडणं-उठणं बघत बसायची आणि माझ्या वर्गातल्या मुली फुलदाणीऐवजी त्यांचीच चित्रं काढायच्या.

एकदा ढाणकीला सामने होते. मुलींबरोबर आणखी एक शिक्षिका हवी म्हणून मीही गेले होते. उन्हाळा तोंडावर आलेला. सकाळचा वेळ भाषणांत गेला आणि भर दुपारी सामना लावला. मैदानावर पाय ठेववत नव्हता. सुमनताई थेट मंचाकडे गेल्या. अध्यक्ष म्हणून बसलेले गृहस्थ गावातले मोठे प्रस्थ होते. ते म्हणाले, बाई, वेळापत्रक ठरलेलं आहे, संघ उतरला नाही तर बाद करू. ताई एरवी शहरी, स्वच्छ बोलायच्या. पण चिडल्या की त्यांची माहेरची बोली वर यायची. "करा ना बाद! माह्या पोरी या उन्हात धावणार नाही. तुम्ही पहिले इथं अनवाणी उभे राहून दाखवा, मंग मी उतरवतो त्यायले." मंडपात हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा पडला, पण सामना संध्याकाळी झाला. आम्ही हरलो. परतताना गाडीत मुली रडत होत्या आणि ताई त्यांना ऊस सोलून देत होत्या.

ताईंचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. अमोल प्राथमिक शाळेत असतानाच ते गेले. त्यानंतर या बाईने एकटीने मुलगा वाढवला, आणि कौतुकाने वाढवला. सायकलच्या पुढच्या दांड्यावर त्याच्यासाठी छोटी गादी शिवून घेतली होती. तो हुशार होता, गोड होता, आईला सोडून झोपत नसे. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं ते वाचताना कुणाला वाटेल की मूळचाच तसा असेल. तो तसा नव्हता. तो पुण्याला शिकला, कॅनडाला गेला, तिथेच संसार थाटला. ताई निवृत्त झाल्या त्याच सुमाराला त्याला मुलगी झाली आणि तो आईला घ्यायला आला. आम्ही सगळ्या त्यांना सोडायला नागपूरपर्यंत गेलो होतो. ताईंनी बॅगेत ज्वारीचं पीठ, तिखट आणि एक रबरी चेंडू घेतला होता. "नातीला शिकवायला नको?" म्हणाल्या.

सुरुवातीला फोन यायचे ते आनंदाचे. नात कशी बघते, झाडांचे रंग कसे पालटतात, दुकानात वांगी कशी गुळगुळीत मिळतात. मग हळूहळू ताईंचा आवाज बारीक होत गेला. मला वाटायचं लाइन खराब आहे. "ताई, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला ना," असं मी म्हणायची. सुमनताईंना, मोठ्याने बोला म्हणून! त्या म्हणायच्या, "इथे हळू बोलावं लागतं गं. लाकडाच्या भिंती आहेत. माझा आवाज त्यांना त्रासदायक होतो." पुढे फोन यायचा तो मागे सतत घरघर ऐकू येणारा. कसला आवाज म्हणून विचारलं तर कळलं, तळघरात कपडे धुण्याचं यंत्र आहे, ते सुरू असलं की वर काही ऐकू जात नाही, म्हणून तेव्हाच फोन करते. त्यांची खोलीही तिथेच, यंत्राशेजारी. एकटीनं बाहेर जायचं नाही, पासपोर्ट अमोलने 'नीट' ठेवलेला, जेवण वरच्या सगळ्यांचं झाल्यावर. मग नातू झाला, दोन्ही मुलं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. एका हिवाळ्यात नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायला गेल्या आणि बर्फावरून पाय सरकला. हातात पोराचं दप्तर होतं, लोळता आलं नाही. मनगट गेलं. डॉक्टरकडे नेऊ नेऊ म्हणत अमोलने कापडी पट्टा आणून दिला आणि हाड वाकडंच जुळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींची मनगटं वाचवलेली बाई...

हे सगळं मला एका दमात कळलं नाही. पुढे तुकड्या-तुकड्याने कळलं, आणि प्रत्येक तुकड्यानंतर त्या म्हणायच्या, "पण त्याचीही ओढाताण होते गं." अमोलने कधी हात उगारला का, असं मी एकदा विचारलं. "उगारला नाही," म्हणाल्या. "धरला. जरा जोरात धरला."

मुलं मोठी झाली, आजीची गरज सरली. ताई एकट्याच विमानाने परत आल्या, चाकाच्या खुर्चीत बसून. यवतमाळचं घर तोवर विकलं गेलं होतं. कुठल्याशा कागदावर सही केलेली त्यांना आठवत होती, कशावर ते आठवत नव्हतं. दीर हयात नव्हते, त्यांचा मुलगा नितीन बाभुळगावला शेती बघतो. अमोलने त्याच्याशी ठरवलं आणि नितीनने विमानतळावरून ताईंना परस्पर तिकडेच नेलं. मला महिनाभराने कळलं, तेही बाजारात भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नितीनच्या बायकोने मला ओसरीवर बसवलं, चांगल्या कपात चहा दिला. ताई कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, "मागं हायेत मोठ्याई. आराम करून राह्यल्या." मागे टिनाची खोली होती. दार उघडलं तर समोर कापूस. जमिनीपासून पार वरच्या पत्र्यापर्यंत. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला, जसा आमच्याकडे दर घरी असतो. आणि त्या ढिगाच्या पायाशी, दाराला चिकटून, एक खाट. खाटेवर सुमनताई. केसांत, भुवयांवर, शालीवर कापसाचे तंतू. मी ओळखलं ते त्यांच्या पायांवरून, चेहऱ्यावरून नाही. "ये," त्या म्हणाल्या आणि खोकल्या. "बस, इथे बस. वेचणी झाली की माझी खाट सरकते दाराकडे. कापूस गेला की परत आत." जणू काही बदलीचा हुकूम आल्यासारखं सांगत होत्या.

त्या खोलीच्या बाहेर तुराट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण होतं आणि त्यापलीकडे गोदाबाईंचं अंगण. गोदाबाई ताईंहून मोठ्या, जन्म बाभुळगाव तालुक्यातला आणि नागपूरसुद्धा न पाहिलेल्या. त्यांना दोन मुलं आहेत. हल्ली गोदाबाईंना विसर पडतो. एकदा त्या माहेरी जाते म्हणून चालत निघाल्या आणि पार दुसऱ्या गावच्या शिवारात सापडल्या. तेव्हापासून घरातली सगळी माणसं वावरात गेली की पुढच्या दाराला बाहेरून कडी लावतात. आत अंगणात एक घागर, एक ताटली आणि गोदाबाई. दिवस मावळेपर्यंत. या दोघींची ओळख कुंपणातून झाली होती. अर्ध्याअधिक तुराट्या मोडलेल्या, त्यातून एकमेकींचा चेहरा तुकड्या-तुकड्याने दिसायचा. मी गेले त्या दिवशी गोदाबाई विचारत होत्या, "काय वं मास्तरीनबाई, तिकडं बी म्हाताऱ्या माणसाले असंच ठेवते काय वं?"

"तिकडे खोली उबदार असते," ताई म्हणाल्या.

"मंग बोलते काय कोणी?"

"नाही."

"मंग कायले गेलत्या बाप्पा येवढ्या दूर?" गोदाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. ताईंना हसता हसता खोकल्याची उबळ आली. मी दोघींकडे पाहत होते. एक सात समुद्र ओलांडून आलेली, एक कधी वेस न ओलांडलेली. आणि दोघींच्या वाट्याला आलेलं म्हातारपण सारखंच.

मी जायला लागले. रविवार आला की बाभुळगाव. जाताना खोकल्याचं औषध न्यायची, मऊ भात न्यायची. घरी येऊन यावर काय करता येईल ते वाचलं, एका वकील विद्यार्थिनीला विचारलं. ती म्हणाली, मॅडम, कायदा आहे, आईबापांना असं टाकता येत नाही, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, मुलगा परदेशात असला तरी बघू. आधी त्यांना तिथून हलवा. माझं घर दोन खोल्यांचं, पण एक खोली रिकामीच असते. मी ताईंना अर्जाचं सांगितलं आणि म्हटलं, माझ्याकडे चला. पहिल्यांदा त्या नाहीच म्हणाल्या. मग एका रविवारी म्हणाल्या, "बरं. पुढच्या वेळी गाडी घेऊन ये."

मी ओळखीतली गाडी ठरवून गेले. ताईंनी केस विंचरले होते, गाठोडं बांधलं होतं, पायात चपला घातल्या होत्या. निघणार एवढ्यात नितीनची बायको मोबाइल घेऊन आली. "मोठ्याई, अमोलभाऊ हायेत, व्हिडिओवर." ताईंनी घाईघाईने चेहरा पुसला, चपला खाटेखाली सारल्या आणि ताठ बसल्या. पडद्यावर अमोल, त्याच्या खांद्यावरून नात डोकावत होती. ती तिच्या मोडक्या मराठीत ओरडली, "आजी! तुझ्याकडे पण बर्फ पडला?" ताईंच्या मागे सगळं पांढरंच पांढरं होतं ना...

"हो गं राणी," ताई म्हणाल्या. "पण हा बर्फ गार नसतो."

अमोल म्हणाला, "आई, बरी आहेस ना? तू नितीनकडे, घरच्या माणसांत आहेस म्हणून मला इथे झोप लागते." ताईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली, आतलं पातळ काढून परत उशाशी ठेवलं. "मी नाही येत, वंदना."

माझा तोल गेला. मी म्हटलं, ताई, ढाणकीला भर मंडपात त्या अध्यक्षाला अनवाणी उभं राहा म्हणालात. तुम्हीच ना त्या? आणि इथे एक शब्द नाही?

"त्या दुसऱ्यांच्या पोरी होत्या. आणि तो परका माणूस होता," त्या म्हणाल्या. "परक्याशी भांडता येतं गं. मी तुझ्याकडे आले की पहिला माणूस विचारेल, मुलगा असून इथे कशा? काय सांगू? त्या अर्जावर त्याचं नाव लिहायचं... माझ्या हाताने? सायकलवर माझ्या पुढ्यात बसून तो पाढे म्हणायचा. त्याला कुणी आरोपी म्हणालं तर मी जगेन?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू मात्र येत राहा." गाडी रिकामीच परत आली.

पुढच्या फेरीला त्यांना श्वास लागला होता. ओठ काळपट. नितीन म्हणाला, "मॅडम, उद्या नेतो ना दवाखान्यात. आज वेचणी सुरू आहे, बाया मिळून नाही राह्यल्या." मी ऑटो बोलावला आणि स्वतः घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात कफ साठलाय, यांना कापसाजवळ ठेवूच नका. दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. मी शेजारी बाकावर होते. परत नितीनच्या घरी आणलं तर खाट तिथेच, ढीग तसाच. मी ओसरीवर उभी राहून बोलले, बरंच बोलले, शेजारपाजारचे गोळा झाले. नितीन आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, तुम्ही केलं ते लय झालं. आता आमचं आम्ही पाहून घेऊ. गावात आमचं नाव जाते." ताई दारातून बघत होत्या. निघताना मी हात हातात घेतला, तो वाकड्या मनगटाचा. त्या म्हणाल्या, "अमोलला यातलं काही सांगू नकोस. शब्द दे." मी दिला. ती शेवटची भेट. त्यानंतर दोनदा गेले तर घरात नाहीत म्हणून सांगितलं गेलं. मागून खोकला ऐकू येत होता.

तेरवीला अमोल आला. केस पिकलेले, डोळे सुजलेले. मला पाहून लहान मुलासारखा रडला. "मावशी, आई इथे खूश होती ना?" मी त्याला मागच्या खोलीत नेलं. खोलीला चुना मारला होता, जमीन सारवली होती, खाटेवर नवी चादर, भिंतीवर हार घातलेला फोटो. तो डोळे पुसत म्हणाला, "छान, हवेशीर आहे."

"कापूस विकला म्हणून हवेशीर आहे," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मी वर बोट दाखवलं. पत्र्याच्या वाशांना, खिळ्यांना, झरोक्याच्या जाळीला कापसाचे पुंजके अजून लटकत होते. तिथपर्यंत चुन्याचा कुंचला पोचला नव्हता. आणि मग मी ताईंना दिलेला शब्द मोडला. सगळं सांगितलं. नातीला जो बर्फ दिसला तो काय होता, तेही. तो खाटेवर बसला. "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाला.

"तू विचारलं होतंस?"

तो म्हणाला, "तिचा हात... मला खरंच वाटलं नुसता मुरगळलाय." आणि मग, स्वतःशीच, "तिकडे आम्ही दोघं इतके दमलेलो असायचो..." वाक्य तिथेच राहिलं. दोन दिवसांनी तो परत गेला. ग्रुपवरचा तो मजकूर अजून तसाच आहे. तो दुष्ट आहे असं लिहून मोकळं होता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण मी त्याला दांड्यावरच्या गादीवर बसलेलं पाहिलंय. अशी माणसं आईला असं कसं ठेवू शकतात, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. सुमनताईंनी तर तो प्रश्नच कुणाला विचारू दिला नाही.

गेल्या रविवारी मी सवयीने बाभुळगावच्या गाडीत बसले. उतरल्यावर लक्षात आलं की आता कुणाकडे जायचं... नितीनच्या घरी जाणार नव्हते. नुसतीच त्या गल्लीतून चालले. दुपार कलली होती, गल्लीत चिटपाखरू नाही. गोदाबाईंच्या दाराला बाहेरून कडी होती. आतून आवाज येत होता, मोठा, ठसक्यात, टाळ्यांच्या तालावर. "एक... दोन... तीन... चार... खांदे सैल! कोपर वाकवू नका!" शब्द शहरी होते, गोदाबाईंच्या तोंडचे नव्हतेच. म्हणजे दुपारच्या वेळी, मी नसताना, तुराट्यांच्या त्या कुंपणाशी उभं राहून ताई गोदाबाईंना कवायत शिकवत होत्या. तळघरात आणि कापसात दाबून ठेवलेला तो आवाज त्यांनी इथे मोकळा सोडला होता.

कडीला कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं. गल्लीतल्या कुणालाही ती काढता आली असती. मी ती काढली आणि आत गेले. गोदाबाई भर अंगणात, ताटलीशेजारी, दोन्ही हात आभाळाकडे करून उभ्या होत्या. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही.

"नुसत्या उभ्या काहून?" एवढंच म्हणाल्या. "हात वर करा."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात वर केले.